भुताची मोठी बहीण

४ मार्च, बुधवार

डॉक्टरांनी धाकटीला बोलणं कमी कर म्हणून सांगितलं आहे. मी घरात रागावले की ती उत्तर देते, आणि उत्तर दिलं की तिचा घसा दुखतो. म्हणजे मी गप्प बसायला हवं. चौऱ्याहत्तर वर्षांत ते मला जमलेलं नाही. म्हणून ही वही. राग इथे काढायचा, घरात नाही.

आधी हकीकत. धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. दोघीही बिनलग्नाच्या, एकाच घरात. चार महिने तिचा आवाज बसला होता. तिला वाटलं सर्दी, मला वाटलं हट्ट. निघाला कर्करोग, स्वरयंत्राचा. सत्तावीस तारखेला शस्त्रक्रिया. जीव वाचेल, आवाज जाईल. सर्जनांनी एवढंच सांगितलं, उगाच पाठीवर हात फिरवला नाही. माणूस आवडला.

बाहेर बाकावर बसलो होतो. समोरच्या गृहस्थांचा फोन वाजला. फोनमधून धाकटी बोलली: “येते हं.” एक्केचाळीस वर्षांपूर्वीची धाकटी. गृहस्थ सावकाश खिसे चाचपत होते आणि ती बोलतच होती. येते हं, येते हं, येते हं.

मी म्हटलं, “दवाखान्यात फोन बंद ठेवतात.”

“घाबरलात का आजी?” म्हणाले आणि हसले.

ज्या घशातून तो आवाज निघाला तो घसा माझ्या शेजारी मफलर गुंडाळून बसला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटीने माझा हात दाबला. निघताना तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी कडी तीनदा ओढून पाहिली आणि तिथल्या मुलीला बोट दाखवून सांगितलं, की हे दुरुस्त करून घ्या. ती तोंडावर रुमाल धरून खिदळली. हल्ली काम सांगितलं की लोकांना हसू येतं.

६ मार्च, शुक्रवार

त्या दोन शब्दांचं प्रकरण एकदा लिहूनच टाकते.

बाविसाव्या वर्षी धाकटीने एका चित्रपटात भुताचं काम केलं. तो पहिला आणि तोच शेवटचा. एक भाडेकरू बाई गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बुडून मरते आणि ओल्या झग्याने जिना उतरत एकेका दारापाशी येते, अशी गोष्ट. शेवटी इमारतीचा म्हातारा पहारेकरी तिची क्षमा मागतो, तिचं समाधान होतं आणि “जाते मी” म्हणून ती निघून जाते. कागदावर असं होतं.

प्रत्यक्षात धाकटीच्या तोंडून “जाते” निघेना. कॅमेरा सुरू झाला की “येते हं.” दिग्दर्शक ओरडले, पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी कंटाळून त्यांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी ते तुकडे पाहताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढचा शांतीबिंतीचा भाग कापून फेकला आणि चित्रपट त्या दोन शब्दांवर संपवला. ते निरोपाचे शब्द होते. थिएटरात लोकांनी धमकी ऐकली. माणसं खुर्च्यांवर चढली म्हणे.

“जाते” का निघेना? कारण आमच्या घरात तो शब्द नव्हता. दवाखान्यात निघताना आई घाईत “जाते गं” म्हणाली होती, ती परत आलीच नाही. मी सतरा वर्षांची, धाकटी सहा. त्यानंतर मी तो शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. एकदा शाळेला निघताना धाकटी “जाते” म्हणाली, तेव्हा तिला अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं आणि “येते” सरळ येईपर्यंत दप्तरासकट पुन्हा पुन्हा निघायला लावलं. रडली. पण शिकली.

दिग्दर्शकांनी पुढे सगळ्या मुलाखतींत सांगितलं, की ही कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. आता ते नाहीत. असते तर विचारलं असतं, स्वप्नात दप्तर दिसलं होतं का?

८ मार्च, रविवार

टीव्हीवर कुलपाची जाहिरात. चोर दारापाशी येतो, आतून “येते हं”, चोर पळतो. भुताने कुलूप विकावं यात काही तर्क? कुलपाला भूत जुमानत नाही, हे तर त्या चित्रपटाचं सारं सार, असं ऐकते.

त्यानंतर विनोदी कार्यक्रम. एक जाडजूड गृहस्थ ओला झगा घालून आले, खोट्या दाराची कडी तीनदा ओढली, भुवई चढवली, तर्जनी नाचवली आणि ते दोन शब्द म्हणाले. प्रेक्षक लोळले. दर वर्षी कोणी ना कोणी हे करतंच. लग्नात करतात, शाळेच्या संमेलनात करतात. मुलं जिन्यात खेळतात, राज्य असेल त्याने कडी ओढायची, बाकीच्यांनी पळायचं. कोपऱ्यावर रस्तासुरक्षेचा फलक लागला आहे: “सावकाश चालवा, नाहीतर ती म्हणेल येते हं.” काल दुकानात सदरा पाहिला, छातीवर “येते ह”. अनुस्वार गायब. छापखान्यात तेहतीस वर्षं प्रुफं तपासली आहेत, राहवलं नाही. दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, भुताला कसलं आलंय शुद्धलेखन?”

बाजारात धाकटीला आजही कोणी ओळखत नाही. तिचं तोंड कोणाला ठाऊक नाही, नाव तर नाहीच. सगळ्यांना तिचे दोन शब्द हवेत. बाई कोणाला नको.

१० मार्च, मंगळवार

दवाखान्यात एक वाचातज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी नवीन माहिती दिली. शस्त्रक्रियेआधी धाकटीने तीनशे वाक्यं स्वच्छ आवाजात वाचून ठेवली, तर यंत्राला तिचा आवाज शिकवता येतो. मग ती टाइप करेल आणि यंत्र तिच्या आवाजात बोलेल. आता घोगरा आहे, तरी तिचा आहे. फक्त ध्वनिमुद्रण बंद खोलीत, बाहेरचा आवाज आत न येता व्हायला हवं. तशी खोली दवाखान्यात नाही.

“न झालं तर?” मी विचारलं.

“तर यंत्राचा स्वतःचा आवाज असतो. कोणाचाच नसलेला.”

घरी आलो. चपला काढता काढता धाकटी म्हणाली, “ताई, मला माझाच हवा.”

मी दोन स्टुडिओंत फोन केले. एकीकडे पुढच्या महिन्याची तारीख, दुसरीकडे म्हणे गाणं असेल तरच.

११ मार्च, बुधवार

दुपारी त्या दिग्दर्शकांच्या चिरंजीवांचा फोन आला. पन्नाशीचे आहेत, बापाच्या चित्रपटावर नवा चित्रपट काढत आहेत. धाकटीच्या आजाराचं त्यांना कुठूनसं कळलं. स्वतःचा स्टुडिओ आहे. म्हणाले, हवी तेवढी वाक्यं मुद्रित करून देतो, घरी घेऊन जा. आणि जाता जाता भुतासाठीही आवाज द्यावा.

जाता जाता! मी नाही म्हणून फोन ठेवला.

धाकटी झोपली होती. उठल्यावर सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? बापाने दोन शब्द नेले, मुलाला आता घसाच हवा आहे.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा फोन. पुन्हा नाही. संध्याकाळी तिसऱ्यांदा. उचललाच नाही.

१४ मार्च, शनिवार

चिरंजीव दारात उभे. टक्कल, कपाळावर घाम, हातात पिशवी.

“मावशी, पाच मिनिटं द्या.”

“मी तुमची मावशी नाही. आणि फोनवर सांगितलं ते पुरेसं होतं.”

“त्यांना एकदा विचारायचं होतं.”

“विचारलं आहे.”

हे मी बोलले. खोटं बोलले, आणि सराईतासारखी बोलले. मागे पाहते तर धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“कधी विचारलंस?”

चिरंजीव शहाणे निघाले. पिशवी खाली ठेवली, “जिन्यात थांबतो” म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

धाकटी म्हणाली, “त्याने किती फोन केले?”

“तीन.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी कुठे? बुधवारीच तर...”

“या वर्षाचं नाही विचारत, तायडे. माझ्या वतीने आजवर किती वेळा नाही म्हणालीस?”

मी म्हटलं, भुताच्या भूमिकांना म्हणाले. सगळ्या भुताच्याच होत्या. कोणाला चेटकीण हवी, कोणाला हडळ. तूच म्हणालीस पुरे झालं.

“मी भुताला पुरे म्हटलं. कामाला नव्हतं म्हटलं.” मग तिला खोकला आला आणि तो थांबेना. पाणी दिलं. पेला माझ्या हातून घेतला नाही, टेबलावर ठेव अशी खूण केली.

मग स्वतः जाऊन दार उघडलं आणि चिरंजीवांना म्हणाली, “पुढच्या शनिवारी येते.”

१५ मार्च, रविवार

धाकटी माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरांनी मना केलं आहे, असं शेजारणीला सांगितलं.

१६ मार्च, सोमवार

धाकटी तपासणीला एकटी गेली. मी माझ्या कपाटातली जुनी फाइल काढली. चित्रपटानंतर आलेली पत्रं. ती तेव्हा टंकलेखन शिकायला जायची, टपाल माझ्या हाती पडायचं. मी उघडायचे, वाचायचे, उत्तर द्यायचे. खाली तिचं नाव, त्यापुढे “करिता”, आणि माझी सही. प्रत्येक उत्तराची कार्बन प्रत ठेवली आहे. काम चोख.

मला नक्की आठवत होतं, सगळी भुताची. मोजली. चौदा पत्रं. नऊ भुताची.

पाच नाहीत. एका नाटकात मास्तरीण. एक विनोदी चित्रपट, नायिकेची चोंबडी बहीण. नभोवाणीवर बातम्या वाचण्यासाठी चाचणी. एक लहान मुलांच्या गोष्टींची तबकडी. पाचवं पत्र कसल्याशा नाट्यशाळेचं, वर्षभर शिकायला या, राहायची सोय आहे.

पाचही जणांना मी एकच मजकूर पाठवला आहे. “सदर प्रकारच्या भूमिका स्वीकारण्याची इच्छा नाही.” सदर प्रकारच्या! बातम्या वाचणाऱ्याला! मी दुसऱ्याच्या मजकुरातली वेलांटी सोडत नाही आणि स्वतःचं हे वाक्य पाच पाकिटांत घालताना डोळे फुटले होते का?

फुटले नव्हते. नाट्यशाळा दुसऱ्या शहरात होती. ती गेली असती.

फाइल परत कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

१८ मार्च, बुधवार

एक कबुली. मी तो चित्रपट पाहिलेला नाही. एक्केचाळीस वर्षं त्याच्यावर रागावते आहे आणि पाहिलेला नाही. आज दुपारी जेवण झाल्यावर धाकटीने काही न विचारता टीव्हीवर लावला. मी उठणार होते. तिने फक्त बघितलं माझ्याकडे. बसले.

चित्रपट सुमार आहे. पहारेकऱ्याची दाढी प्रत्येक प्रसंगात वेगळ्या लांबीची. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं.

पण धाकटी. ती जिन्याच्या वळणावर नुसती उभी राहते आणि बाकीची माणसं पडद्यावरून पुसल्यासारखी होतात. मला वाटलं होतं ती डोळेबिळे फिरवत असेल, दात विचकत असेल. काही नाही. ती कडक आहे. घरातलं कोणीतरी हिशेब मागायला यावं तशी येते. दाराची कडी तीनदा ओढते, भुवई चढवते, एक बोट वर करते. बावीस वर्षांच्या पोरीने हे कुठून आणलं? मी विचारलं.

“ही कडी ओढायची लकब कुठून उचललीस गं?”

ती हसायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसली, डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे बघून हसली.

“उत्तर दे ना.”

“राहू दे, तायडे. डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय.”

यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. शेवटचा प्रसंग आला. ते दोन शब्द मी हजार वेळा ऐकले असतील. फोनमध्ये, जाहिरातीत, पोरांच्या तोंडी. तिच्या तोंडून, तिच्या चेहऱ्यासकट, आज पहिल्यांदा ऐकले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

ती चांगली होती. मी इतकी वर्षं चुकीच्या माणसांवर चिडले असं नाही, त्यांच्यावर चिडायलाच हवं. पण यादी अपुरी होती.

२१ मार्च, शनिवार

स्टुडिओ. चिरंजीवांनी आधी करारपत्र पुढे केलं. धाकटीने ते न वाचता माझ्याकडे सरकवलं.

“आता रागाव,” म्हणाली. “इथे रागाव. घरातला सगळा शिल्लक राग इथे लाव.”

मी पेन काढलं. चौथ्या पानावर सापडलं: “आवाज, त्याच्या यांत्रिक प्रती, तसेच अन्य कोणत्याही उत्पादनासाठी त्यांचा वापर.” अन्य कोणत्याही! म्हणजे उद्या माझी बहीण झुरळांचं औषध विकणार.

“हे काय आहे?”

“मावशी, ती ठरावीक भाषा असते. सगळ्यांना तीच देतो.”

“ठरावीक भाषेनेच घात होतो. मला माहीत आहे, मीही वापरली आहे.”

चिरंजीवांना समजलं नाही, धाकटीला समजलं असावं. तिने मान वळवली. मी विचारलं, “तुला काय हवं ते तू सांग.” हे वाक्य जड गेलं, लिहितानाही जातं आहे.

तिने सांगितलं. चित्रपटासाठी ती स्वतः बोलेल तेवढंच त्यांचं. यंत्राला शिकवलेला आवाज फक्त तिचा, त्याची एकही प्रत स्टुडिओत राहणार नाही. श्रेयनामावलीत तिचं पूर्ण नाव, पहिल्या पाटीवर. मी तिच्या शब्दांत तसंच लिहिलं आणि जुना मजकूर खोडला. चिरंजीव कुरकुरले. मी बोट वर केलं. ते एकदम दचकले, माझ्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सही करून मोकळे झाले. माझ्या बोलण्याला वजन आहे अजून.

मग तीनशे वाक्यं. दोनशे छापील, वाचातज्ज्ञ बाईंनी दिलेली, “आज हवा छान आहे” थाटाची. शंभर धाकटीने घरी बसून स्वतः लिहिली होती, पुढे उपयोगी पडतील अशी. मी काचेच्या अलीकडे बसून ऐकत होते.

“मला चहा नको, कॉफी.”

“मी आजारी आहे, बहिरी नाही. हळू बोला.”

“तायडे, कडी लागली आहे. ये आता.”

“माझं मी विचारते.”

“नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन.”

ध्वनिमुद्रक मध्येच म्हणाला, “ताई, शेवटचं जरा रागात आलं. पुन्हा घेऊ या का?” ती म्हणाली, “नको. ते रागातच लागणार आहे.”

पाच तास लागले. शेवटी शेवटी आवाज चिरत होता. एकही वाक्य तिने सोडलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

यंत्र घरी आलं. धाकटीने टाइप केलं, “मीठ कमी आहे.” ते तिच्या आवाजात बोललं. मी रागाने म्हटलं, मीठ बरोबर आहे. मग आत जाऊन दोन मिनिटं नळ सोडून उभी राहिले.

२६ मार्च, गुरुवार

उद्या सकाळी सातला दाखल. सामान भरून झालं.

गेले दहा दिवस मी स्वतःशी घोळवत होते, की आजारी माणसाला आत्ता कशाला, बरी झाल्यावर देऊ. हे कारण इतकं चांगलं होतं की मला त्याचा संशय आला. सदर प्रकारचं कारण. दुपारी फाइल काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. काय आहे ते सांगितलं, चार वाक्यांत. सर्जनांसारखं.

तिने पत्रं एकेक करून वाचली. नाट्यशाळेचं दोनदा वाचलं. मग माझी कार्बन प्रत वाचली.

“आज तुझ्यावर ओरडायचं आहे मला,” ती म्हणाली. “चांगलं मोठ्याने. आणि नेमका आज आवाज पुरत नाही.”

मी म्हटलं, “उद्या सकाळी सातपर्यंत आहे.”

यंत्र शेजारी होतं. तिने ते बाजूला सरकवलं. उभी राहिली आणि ओरडली. फाटका, अर्धा आवाज, मधेच नुसती हवा. मला जन्मात कोणी बोललं नाही ते बोलली. बातम्या मी वाचल्या असत्या, म्हणाली. मुलांना गोष्टी सांगितल्या असत्या, म्हणाली. तुला एकटं राहायची भीती आणि नाव माझ्या भल्याचं, म्हणाली. एका ठिकाणी तिने “अक्षम्य”ऐवजी “अक्षम” म्हटलं. दुरुस्त केलं नाही. खिडकी उघडी होती, शेजारचे ऐकत असतील. खिडकीही लावली नाही.

दमल्यावर बसली. मी पाणी टेबलावर ठेवलं. प्याली.

दिल्याची नोंद:

पत्रं चौदा, मूळ पाकिटांसह. त्यांतली भुताची नसलेली पाच वेगळी काढून वर ठेवली.

त्यांना मी दिलेल्या उत्तरांच्या कार्बन प्रती चौदा. तिने सांगितल्यावरून पाच प्रतींवर मागच्या बाजूला खरं कारण माझ्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. “करिता” न लिहिता.

कपाटाच्या त्या कप्प्याच्या किल्ल्या दोन. दुसरी किल्ली आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

ही वही, पहिल्या पानापासून इथवर. वाचून परत द्यायची की नाही ते ती ठरवेल.